खताच्या कारखान्याला कल्हई कोण करतं?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. नीट वाचा हं!

तोंड नाही, दात नाहीत, तरी लोखंड खातो. मृग लागला की याला भूक लागते. रात्रंदिवस जेवतो, पण कधी आवाज येत नाही. सांगा पाहू, कोण?

ओळखलंत ना? बरोबर, गंज! तुमच्या सायकलच्या चेनवर तो बसतो, आजोबांच्या विळ्यावर बसतो, परसातल्या घमेल्याला भोक पाडतो. विळा गंजला तर आपण दगडावर घासतो, घमेलं फुटलं तर भंगारवाल्याला देतो. फार काही बिघडत नाही.

पण समजा, लोखंडाचं भांडं चार मजली इमारतीएवढं उंच आहे, त्यात तापलेलं झोंबरं रसायन भरलं आहे आणि बाजूला शेकडो माणसं काम करताहेत. अशा भांड्याला गंजानं भोक पाडलं तर? मग ती भंगारवाल्याची गोष्ट राहत नाही. ती माणसांच्या जिवाची गोष्ट होते. अशी भांडी खताच्या कारखान्यात असतात आणि त्यांना गंजापासून जपणारे लोकही असतात. आज त्यांच्या युक्त्या बघू या.

गोणी येते कुठून?

आमच्या खानदेशात, भुसावळ, रावेर, यावलकडे केळीच्या बागाच बागा. केळीचं झाड मोठं खादाड, त्याला खत भरपूर लागतं. पांढऱ्याशुभ्र दाण्यांचं खत तुम्ही पाहिलंच असेल. तोच युरिया. त्याची एक गोणी आता ४५ किलोची असते आणि त्यात ४६ टक्के नत्र म्हणजे नायट्रोजन असतो. मग एका गोणीत नत्र किती? करा गणित! उत्तर आलं पाहिजे २० किलो ७०० ग्रॅम.

महाराष्ट्रात युरिया तयार करणारं मोठं नाव म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स. लोक त्याला थोडक्यात 'आरसीएफ' म्हणतात. मुंबईत ट्रॉम्बेला तिचा जुना कारखाना आहे. १९६५ साली तो सुरू झाला तेव्हा तो भारतीय खत निगमाचा होता. १९७८ साली आरसीएफ ही वेगळी सरकारी कंपनी झाली. दुसरा कारखाना रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ इथे, १९८५ सालचा. 'सुफला' आणि 'उज्ज्वला' ही गोण्यांवरची नावं तुमच्या वडिलांना नक्की ठाऊक असतील.

युरिया कसा बनतो? आधी हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूतून मिळवलेला हायड्रोजन यांचा अमोनिया करतात. मग अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड एका उंच, जाडजूड भांड्यात एकत्र आणतात. आतलं तापमान सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअस. आमच्या भुसावळचा मे महिना ४५ अंशांवर जातो तेव्हा आम्ही 'भट्टी पेटली' म्हणतो, यावरून कल्पना करा! आणि दाब? घरच्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो. इथे तो दीडशे पटीच्या आसपास असतो.

एवढ्या उष्णतेत आणि दाबात दोघांपासून आधी अमोनियम कार्बामेट नावाचं रसायन तयार होतं आणि त्यातून पाणी निघून गेलं की युरिया होतो. शेतात पडल्यावर युरिया अगदी गरीब गाय, पण त्याच्या आधीचं हे कार्बामेट म्हणजे मारका बैल! साधं लोखंड ते भराभर खातं. संयुक्त खतं करणाऱ्या कारखान्यांत तर नत्राम्ल, गंधकाम्ल, फॉस्फोरिक आम्ल अशी आम्लांची फौजच लागते. त्यातून कारखाना समुद्राजवळ असेल तर खारा वाराही येतो आणि कोकणातला चार महिन्यांचा पाऊसही येतो. थोडक्यात, गंजाला पंगतीचं आमंत्रणच!

लोखंडाला माहेरची ओढ

उपाय शोधायचा तर आधी रोग कळला पाहिजे. गंज म्हणजे नेमकं काय?

खाणीत लोखंड कधी सुटं सापडत नाही. ते ऑक्सिजनशी जोडलेलं, तांबूस दगडमातीच्या रूपात असतं. आपण भट्टीत कोळसा जाळून त्यातला ऑक्सिजन जबरदस्तीनं काढून घेतो, तेव्हा लोखंड मिळतं. पण लोखंडाला माहेरची ओढ काही सुटत नाही. पाणी आणि हवा एकत्र मिळाली की ते पुन्हा ऑक्सिजनला जाऊन मिळतं आणि तांबूस माती होतं. तोच गंज.

लक्षात ठेवा, नुसती कोरडी हवा असेल तर लोखंड सहसा गंजत नाही. नुसतं पाणी असेल आणि त्यात हवा विरघळलेली नसेल, तरी सहसा गंजत नाही. दोघं लागतात. आणि पाण्यात मीठ असेल तर काम आणखी भराभर होतं. कारण गंजताना लोखंडाच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे अगदी बारीकशी वीज वाहते. टॉर्चच्या सेलमध्ये असतो तसाच हा प्रकार, फक्त लहान. खारं पाणी विजेला वाट मोकळी करून देतं, म्हणून गंज वाढतो.

आणखी एक खोड आहे. गंज पोकळ आणि भुसभुशीत असतो. त्याच्या खपल्या पडतात, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि गंज पुन्हा जेवायला बसतो. ॲल्युमिनियमचं तसं नाही. त्याच्यावरही ऑक्सिजनशी मिळून एक पापुद्रा येतो, पण तो इतका घट्ट आणि चिकट असतो की खालच्या धातूला कवच मिळतं. हा पापुद्रा लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीचा खरा नायक तोच आहे.

युक्ती पहिली : कल्हई

'कल्हईऽऽवाला' अशी आरोळी तुम्ही कदाचित ऐकली नसेल. आजीला विचारा. पूर्वी घरोघरी तांब्यापितळेची भांडी असत. त्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकायची, कारण आंबट पदार्थ तांब्यापितळेला खातो. मग कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथलाचा पातळ मुलामा आतून फिरवायचा. भांडं चांदीसारखं लखलखायचं. भांडं पितळेचंच, पण आमटीची गाठ कथलाशी!

गंमत बघा, कल्हईच्या वेळी जो पांढरा धूर आणि झोंबरा वास यायचा तो नवसागराचा. नवसागर म्हणजे अमोनियाचाच नातेवाईक, अमोनियम क्लोराइड.

खताच्या कारखान्यातही हीच युक्ती आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. दीडशे पट दाब सहन करायला भांडं जाडजूड साध्या पोलादाचं करतात, कारण ते मजबूत आणि त्या मानानं स्वस्त. आणि आतून काही मिलिमीटर जाडीचं खास स्टेनलेस स्टीलचं अस्तर लावतात. ताकद बाहेरच्याची, राखण आतल्याची. काही कारखान्यांत सगळ्यात कठीण जागी टायटॅनियम किंवा झिर्कोनियम अशा महागड्या धातूंचं अस्तरही असतं. फॉस्फोरिक आम्लाच्या टाक्यांना आतून रबराचं अस्तर देतात. शर्टाला अस्तर असतं तसंच हे. अस्तर फाटलं तर शर्टाला काही होत नाही, इथे मात्र अस्तर फाटलं की कार्बामेटची गाठ थेट साध्या पोलादाशी. मग काही दिवसांतही मोठी इजा होऊ शकते.

युक्ती दुसरी : डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा

ही गोष्ट १८३६ सालची. श्योनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाला एक विचित्र गोष्ट आढळली. पातळ नत्राम्लात लोखंड टाकलं की फसफसून विरघळतं. पण तीव्र नत्राम्लात टाकलं तर? काहीच होत नाही! लोखंड आपलं शांत. मग तेच लोखंड पातळ आम्लात टाकलं तरीही ते शांतच राहतं. पण त्याला जरा ओरखडा काढला की पुन्हा फसफस सुरू.

त्यानं इंग्लंडला मायकेल फॅरेडे यांना पत्र लिहून हे कळवलं. फॅरेडे यांनी तर्क केला की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा, ऑक्सिजनचा अगदी पातळ पापुद्रा बसत असला पाहिजे. हा तर्क पुढे खरा ठरला.

पण ओरखडा आला की संपणारा पापुद्रा काय कामाचा? आपला आपण भरून येणारा पापुद्रा पाहिजे. खरचटल्यावर आपल्या कातडीवर नवी कातडी येते ना, तसा. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी चांगलं पोलाद शोधत होते. पोलादात १२-१३ टक्के क्रोमियम मिसळल्यावर ते सहजासहजी गंजत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. क्रोमियम ऑक्सिजनशी मिळून घट्ट पापुद्रा करतं आणि ओरखडा आला तर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तो भरून काढतं. हेच आपलं स्टेनलेस स्टील! तुमचा डबा, पेला, पोळपाटाशेजारची वाटी, सगळ्यांवर हा पापुद्रा आहे. तो किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातले दोन-चार भाग, बस्स!

युरियाच्या भांड्यात लावतात ते स्टील आपल्या वाटीपेक्षा पुष्कळ कसदार असतं. त्यात क्रोमियम आणि निकेलच्या जोडीला मॉलिब्डेनम नावाचा धातूही असतो.

युक्ती तिसरी : शत्रूलाच मित्र करा

आता खरी गंमत ऐका. चांगलं स्टेनलेस स्टील लावूनही सुरुवातीच्या काळात युरियाच्या कारखान्यांत भांडी खाल्ली जात होती. का? कारण आत अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बामेट एवढंच होतं. ऑक्सिजन नव्हताच! कार्बामेट पापुद्रा खात होतं आणि तो भरून यायला ऑक्सिजन मिळत नव्हता.

१९५० नंतरच्या काही वर्षांत हॉलंडमधल्या तंत्रज्ञांनी साधा उपाय काढला. आत सोडायच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये थोडीशी हवा मिसळायची. ऑक्सिजनचं प्रमाण किती? सुमारे अर्धा टक्का! तेवढ्यानं पापुद्रा सतत भरून येऊ लागला आणि भांडी वर्षानुवर्षं टिकू लागली. म्हणजे विळ्याला गंजवणारा ऑक्सिजन इथे राखणदार झाला.

पण थांबा! त्याच कारखान्यात बॉयलरही असतो. साध्या पोलादाच्या नळ्यांतून पाणी जातं आणि त्याची वाफ होते. तिथे काय करतात? तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आधी हुसकून बाहेर काढतात. पाणी वाफेनं तापवून हवा घालवतात आणि उरलासुरला ऑक्सिजन औषध टाकून संपवतात. आमच्या भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रासारख्या औष्णिक केंद्रांतही बॉयलरच्या पाण्याची अशीच काळजी घ्यावी लागते.

एकाच कुंपणाच्या आत एका भांड्यात ऑक्सिजन मुद्दाम घालतात आणि दुसऱ्यातून मुद्दाम काढतात. आहे की नाही मजा? कोण शत्रू आणि कोण मित्र, हे जागा बघून ठरतं.

गंधकाम्लाचंही असंच आहे. तुम्हाला वाटेल, जेवढं आम्ल तीव्र तेवढं ते लोखंडाला जास्त खाणार. पण ९८ टक्के तीव्र गंधकाम्ल साध्या पोलादाच्या टाकीत साठवतात! टाकीच्या आतून लोखंडाच्या क्षाराचा एक थर बसतो आणि तो टाकीला सांभाळतो. त्याच आम्लात पाणी शिरलं, ते पातळ झालं, की मात्र ते टाकी खायला लागतं. हे आम्ल हवेतला ओलावाही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात दमट हवा आत जाऊ नये याची फार काळजी घेतात. मात्र मुलांनो, तीव्र आम्ल आपल्या कातडीला आणि डोळ्यांना मुळीच सोडत नाही. आम्लाचे प्रयोग घरी कधीही करायचे नाहीत, बरं का!

युक्ती चौथी : जस्ताचं बलिदान

१८२४ साली इंग्लंडच्या आरमारानं सर हम्फ्री डेव्ही यांना एक अडचण सांगितली. जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राचं पाणी ते खात असे. डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडून पाहिले. समुद्रानं तांबं सोडलं आणि ते तुकडे खायला सुरुवात केली! दोन धातू जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की जो जास्त चपळ तो आधी जातो आणि दुसरा वाचतो. पण एक पंचाईत झाली. तांबं विरघळायचं थांबल्यावर जहाजांच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटून वाढू लागलं, कारण आतापर्यंत विरघळणारं तांबंच त्यांना मारत होतं. एक प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो, शास्त्रात असं नेहमीच होतं.

डेव्हींची युक्ती मात्र टिकली. आपली जस्ती बादली, घरावरचे जस्ती पत्रे, कुंपणाची तार, सगळीकडे जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. कारखान्यात जमिनीखालून जाणाऱ्या लांब नळांना मॅग्नेशियमसारख्या धातूचे ठोकळे तारेनं जोडतात. ठोकळे झिजतात, नळ वाचतो. ठोकळा संपला की नवा लावायचा. जस्ताला आणि मॅग्नेशियमला वीरचक्रच द्यायला हवं!

घोड्यांच्या पागा आणि काडतुसं

आता एक आपल्या देशातली गोष्ट. इंग्रजांच्या काळात त्यांच्या फौजेची काडतुसं पितळेच्या नळकांड्यांची असत. पावसाळ्यात ती पागांमध्ये ठेवली जात, आणि पावसाळा संपल्यावर पाहावं तर नळकांड्यांना उभ्या भेगा! ना कुणी आपटली, ना कुणी ठोकली. मग भेगा कशा पडल्या?

पुढे १९२१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे कोडं नीट उलगडलं. चोर होता घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया! नळकांडी ठोकून घडवताना पितळेत ताण राहिलेला असतो. दमट हवेत अमोनिया आला की तो नेमका त्या ताणाच्या जागी घुसतो आणि पितळ तडकतं. आमच्या भुसावळजवळ वरणगावला बंदुकीच्या गोळ्या बनवणारी आयुध निर्माणी आहे. पितळ घडवल्यावर तापवून त्यातला ताण काढणं किती महत्त्वाचं, हे अशा कारखान्यांतल्या कामगारांना पक्कं ठाऊक असतं.

आणि अमोनियाच्या कारखान्यात? तिथे अमोनियाच्या वाटेवर पितळेचा नळ, पितळेचा कॉक लावतच नाहीत. तिथे लोखंड आणि पोलादच बरं. म्हणजे 'भारी धातू तो चांगला' असं नसतं. जिथे जो शोभतो, तिथे तो चांगला.

लोखंडाचे डॉक्टर

एवढ्या युक्त्या केल्या तरी थोडी झीज होतेच. मग ती कळणार कशी? भांडं उघडायचं नाही, कापायचं नाही, आणि जाडी मात्र मोजायची!

रेल्वेच्या गावातल्या मुलांना हे लवकर कळेल. पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की एक कर्मचारी लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जायचा. चाक खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो, तसंच. कारखान्यातले डॉक्टरही आवाजच वापरतात, पण कानांना ऐकू न येणारा. एक छोटं यंत्र नळावर टेकवतात. त्यातून आवाजाची लहर पोलादात शिरते, पलीकडच्या कडेवर आपटते आणि परत येते. पोलादात ती सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगानं धावते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र जाडी सांगतं. १० मिलिमीटर जाडी असेल तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या साडेतीनपटीहून जरा कमी वेळ लागतो. त्याहून लवकर परत आली, तर समजा नळ पातळ झालाय.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एक नळ १० मिलिमीटर जाड आहे. ६ मिलिमीटरच्या खाली गेला की तो बदलायलाच हवा. दर वर्षी ०.२ मिलिमीटर झीज होत असेल तर तो किती वर्षं टिकेल? २० वर्षं. आणि कुणी हवेचा नळ नीट सांभाळला नाही, पाण्याचं औषध विसरलं आणि झीज वर्षाला १ मिलिमीटर झाली तर? अवघी ४ वर्षं! म्हणून मोजमापाची वही रोजच्या रोज, खरीखरी लिहावी लागते. जो आकडा यावा असं वाटतं तो लिहायचा नाही, जो आला तो लिहायचा.

युरियाच्या भांड्यात आणखी एक हुशारी असते. बाहेरच्या जाड पोलादाला मुद्दामच बारीक भोकं ठेवतात, ती थेट आतल्या अस्तरापर्यंत जातात. भोक पाडायचं आणि त्यालाच सुरक्षितता म्हणायचं? हो! अस्तर कुठे फाटलं तर अमोनिया आधी या भोकातून बाहेर येतो आणि चाहूल देतो. मग कारखाना थांबवता येतो. अमोनिया ओळखायचा कसा? त्याच्यानं लाल लिटमस निळा होतो. तुमच्या स्वयंपाकघरातही असा एक हेर आहे. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो ना? अमोनियानंही हळद तशीच लाल होते. अल्कधर्मी पदार्थाची ती खूण.

पण जिथे नजर पोचत नाही तिथे काय? अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली बांधलेला 'सिल्व्हर ब्रिज' नावाचा पूल होता. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, वाहनांची गर्दी असताना तो कोसळला. ४६ माणसं गेली. चौकशीत कळलं, पोलादाच्या एका पट्टीच्या सांध्यात गंजामुळे आणि ताणामुळे पडलेली भेग त्याचं कारण होती. केवढी भेग? सुमारे अडीच मिलिमीटर खोल! आणि ती अशा जागी होती की पूल सुटा केल्याशिवाय दिसलीच नसती. म्हणूनच त्या अपघातानंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे नियम झाले. कारखान्यातही गरम नळांवर लपेटलेल्या कापडाआड आणि पत्र्याआड पावसाचं पाणी मुरतं आणि गंज गुपचूप वाढतो. तपासणारा माणूस म्हणून तो पत्रा उघडून बघतो.

कारखाना ठरावीक काळानं बंद ठेवतात. मग भांडी रिकामी करतात, धुतात, आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे का हे मोजतात, लेखी परवानगी देतात आणि मगच माणूस दिवा घेऊन आत उतरतो. बाहेर दुसरा माणूस त्याच्यासाठी उभा असतो. आतला माणूस जोडाचा इंच न् इंच बघतो. ही माणसं वर्तमानपत्रात झळकत नाहीत. त्यांनी काम चोख केलं की काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही तर बातमी कसली? पण गोणी आपल्या बांधावर येते आणि तो कामगार संध्याकाळी आपल्या मुलांकडे घरी जातो, ते यांच्यामुळे.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही!

गंज शेतातही खत शोधत येतो. केळीला घालायचं म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. मिठासारखंच तेही लोखंड गंजवतं. खत टाकून झाल्यावर घमेलं, फावडं, पंप तसाच कोपऱ्यात टाकू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. खताच्या गोण्या भिंतीला चिकटवून किंवा ओल्या जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या घाला. हवा फार दमट झाली की युरिया ओलावा ओढतो आणि दगडासारखा गठ्ठा होतो. ठिबकमधून खत देणाऱ्या बागायतदारांचे नळ प्लॅस्टिकचे असतात, त्यांना गंजाची भीती नाही. पण पंप आणि खताच्या टाकीचे लोखंडी भाग मात्र बघत राहावे लागतात.

करून पाहा

पाच काचेच्या बाटल्या आणि पाच नवे लोखंडी खिळे घ्या. खिळे जस्ती नकोत. खिळे पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा.

पहिल्या बाटलीत साधं पाणी आणि खिळा. दुसरीत आईकडून चांगलं उकळून घेतलेलं, झाकून गार केलेलं पाणी, त्यात खिळा आणि वर तेलाचा थर. तिसरीत मिठाचं पाणी आणि खिळा. चौथीतही मिठाचं पाणी, पण खिळ्याला तांब्याची उघडी तार गुंडाळलेली. पाचवीतही मिठाचं पाणी, पण खिळ्याला कुंपणाच्या जस्ती तारेचा तुकडा गुंडाळलेला.

आठ दिवस रोज एकाच वेळी बघा आणि वहीत लिहा. कोणता खिळा सर्वांत आधी तांबूस झाला? कोणता सर्वांत जास्त टिकला? चौथ्या आणि पाचव्यात फरक का पडला? डेव्हींची जहाजं आठवा म्हणजे उत्तर सापडेल. तेलाच्या थरानं काय केलं? बॉयलर आठवा.

वही वर्गात बाईंना किंवा सरांना दाखवा. आणि हो, आजीच्या कपाटात पितळेचं जुनं भांडं असेल तर आत डोकावून बघा, कल्हई अजून शाबूत आहे का ते!